खिडकीबाहेरचं झाड

विंडोज सोडून लिनक्सवर किंवा मॅकवर जाणाऱ्या माणसाला सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. ब्राउझर कुठला घ्यायचा, ऑफिस कुठलं, गाणी कशात ऐकायची... सगळ्याची उत्तरं तयार असतात. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. एक्सएमएलची, जेसनची, प्लिस्टची फाइल आता कशात उघडायची?

"त्यात काय, टेक्स्टच तर आहे. कुठल्याही एडिटरमध्ये उघड." हे उत्तर बरोबर आहे, पण पुरेसं नाही. अशा फायलींमध्ये नुसता मजकूर नसतो, झाड असतं. एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, शेवटी पानं. चाळीस हजार ओळींची एक्सएमएल फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली तर पानंच पानं दिसतात, झाड दिसत नाही. झाड दाखवणारा, एक फांदी उचलून दुसरीकडे लावू देणारा, टॅग बंद करायचा राहिला तर ओरडणारा प्रोग्राम लागतो.

गेल्या वर्षी मी विंडोजवरून लिनक्सवर आलो तेव्हा असा प्रोग्राम शोधण्यात दोन वीकेंड गेले. प्रोग्राम मिळाला. पण शोधता शोधता एक जुनं भांडण हाती लागलं आणि मी त्यातच जास्त रमलो. भांडण असं: फायलीबद्दलचं ज्ञान फायलीत असावं की फाइल उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये? वाचायला किरकोळ वाटेल, पण तुमच्या माझ्या माहितीचं काय होणार ते यावरच ठरतं. तर मंडळी, आज त्याचीच गोष्ट.

सुरुवात अगदी खालच्या पायरीपासून करू. ओळ कुठे संपते? टेलिप्रिंटरच्या काळात नव्या ओळीसाठी दोन हुकूम लागायचे: कॅरेज डावीकडे ने, आणि कागद एक ओळ वर सरकव. डॉस आणि विंडोजने दोन्ही हुकूम ठेवले. युनिक्सने फक्त दुसरा ठेवला. जुन्या मॅकने फक्त पहिला. झालं! लिनक्सवर लिहिलेली फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली की सगळा मजकूर एका लांबलचक ओळीत. नोटपॅड १९८५ सालच्या पहिल्या विंडोजपासून आहे. त्याला युनिक्सच्या ओळी नीट दाखवता येऊ लागल्या २०१८ मध्ये. तेहतीस वर्षं!

तारखांचीही तशीच गंमत. एक्सेल पहिल्यांदा आलं ते मॅकवर, १९८५ मध्ये. विंडोजवर ते १९८७ मध्ये पोचलं. एक्सेल तारीख साठवतं ती एक आकडा म्हणून, अमुक दिवसापासून किती दिवस झाले असा. विंडोजवर मोजणी १९०० सालापासून, आणि त्यात १९०० हे लीप वर्ष असल्याची चूक मुद्दाम ठेवलेली, कारण तेव्हाच्या लोटस १-२-३ मध्ये ती चूक होती आणि त्याच्याशी जुळवून घ्यायचं होतं. मॅकवर मोजणी १९०४ पासून. त्यामुळे एका पद्धतीच्या शीटमधल्या तारखा कॉपी करून दुसऱ्या पद्धतीच्या शीटमध्ये पेस्ट केल्या की त्या १,४६२ दिवसांनी सरकायच्या. म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस. शेवटी एक्सेल २०११ पासून मॅकवरही १९०० हाच डीफॉल्ट झाला. आकडा शाबूत राहिला, अर्थ बदलला. "कुठून मोजायचं" ही गोष्ट त्या आकड्यात नव्हतीच ना.

आता सेटिंग्जकडे येऊ. विंडोज ३ च्या काळात प्रोग्राम आपली सेटिंग्ज आयएनआय फायलींमध्ये ठेवायचे. चौकोनी कंसात विभागाचं नाव, खाली नाव बरोबर किंमत अशा ओळी. कोणालाही नोटपॅडमध्ये वाचता येतील इतक्या साध्या. पण त्यांना मर्यादा होत्या. विभागाच्या आत विभाग करता येत नव्हता, आकडा आणि अक्षरं यात फरक नव्हता, एकाच मशीनवर दोन माणसांची वेगळी सेटिंग्ज ठेवणं जिकिरीचं होतं. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्रीचं छोटं रूप आलं आणि विंडोज ९५ पासून सगळा संसार तिथे हलला. आता झाड मिळालं, पण ते बायनरी फायलींच्या आत गेलं. बघायचं तर रेजएडिटमधूनच.

गंमत म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं वाइन आपली रजिस्ट्री साध्या टेक्स्ट फायलींमध्ये ठेवतं. म्हणजे विंडोजची रजिस्ट्री साध्या एडिटरमध्ये वाचायची असेल तर लिनक्सवर या. :)

या पार्श्वभूमीवर एक्सएमएल आलं. मुळं जुनी होती. आयबीएममध्ये १९६९ च्या सुमारास गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी या तिघांनी जीएमएल तयार केलं (तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं बघा), त्यातून पुढे एसजीएमएल झालं आणि १९८६ मध्ये ते आयएसओ मानक बनलं. ते अवाढव्य होतं. सन कंपनीच्या जॉन बोसाक यांच्या पुढाकाराने एका गटाने ते छाटून सुटसुटीत केलं आणि १० फेब्रुवारी १९९८ ला एक्सएमएल १.० जाहीर झालं. संपादक तिघे: टिम ब्रे, मायक्रोसॉफ्टचे झाँ पाओली आणि स्पर्बर्ग-मॅक्क्वीन. माणसाला वाचता यावं हे त्यांनी उद्दिष्टांमध्येच लिहून टाकलं होतं. शिवाय अक्षरांसाठी पाया युनिकोडचा. त्यामुळे टॅगचं नाव सरळ देवनागरीत 'पुस्तक' किंवा 'लेखक' ठेवलं तरी ते नियमात बसतं. करून बघा, कुठलाही पार्सर तक्रार करणार नाही.

म्हणजे वचन असं होतं की आता फाइल कुठल्याच एका प्रोग्रामची नाही. पण वचन दिलं म्हणून हत्यारं लगेच सगळीकडे मिळतात असं नाही. त्याच १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टचं एक्सएमएल नोटपॅड आलं. डावीकडे झाड, उजवीकडे किमती. २००६ मध्ये ख्रिस लव्हेट यांनी ते सी शार्पमध्ये नव्याने लिहिलं आणि नंतर त्याचा सोर्सही खुला झाला. साधं, फुकट, हाताला चटकन बसणारं. ते विंडोजवरच चालतं. १९९९ मध्ये व्हिएन्नाच्या अल्टोव्हा कंपनीचं एक्सएमएलस्पाय आलं. तेही विंडोजवरच. म्हणजे झाड सगळ्यांचं, पण ते नीट दिसायचं एकाच खिडकीतून. खिडकी सोडून आलेल्या माणसाची पंचाईत होते ती इथे.

या कोंडीतून दोन वाटा निघाल्या. एक रुमानियातून. क्रायोव्हा शहरातल्या सिंक्रो सॉफ्टने २००२ मध्ये ऑक्सिजन हा एडिटर काढला. तो जावामध्ये लिहिलेला, त्यामुळे तिन्हीकडे चालतो. दुसरी वाट जेम्स क्लार्क यांची. एक्सएमएल बनवणाऱ्या गटाचे हे तांत्रिक प्रमुख. त्यांनी इमॅक्ससाठी एनएक्सएमएल मोड लिहिला, जो २००९ च्या इमॅक्स २३ पासून त्याच्याबरोबरच येतो. त्यात झाडाचं चित्र नाही, दोन पॅनल नाहीत. त्याला फाइलबरोबर स्कीमा दिला, म्हणजे कुठल्या फांदीला काय लागू शकतं याचे लिहिलेले नियम दिले, की तो टाइप करता करताच सांगतो: इथे हा टॅग चालणार नाही. त्याची हुशारी त्याच्या पोटात नाही, शेजारच्या स्कीमा फाइलमध्ये आहे. मला तर हा फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

तो का महत्त्वाचा, ते मॅकच्या प्लिस्टमुळे कळतं. स्टीव्ह जॉब्सनी १९८५ मध्ये नेक्स्ट कंपनी काढली. तिच्या नेक्स्टस्टेप सिस्टिममध्ये सेटिंग्ज 'प्रॉपर्टी लिस्ट'मध्ये असत: महिरपी कंस, नाव, किंमत, साधं टेक्स्ट. ॲपलने डिसेंबर १९९६ मध्ये नेक्स्ट विकत घ्यायचं जाहीर केलं आणि २४ मार्च २००१ ला मॅक ओएस टेन आलं. तोवर एक्सएमएलची हवा होती, म्हणून प्लिस्टही एक्सएमएलमध्ये लिहायला लागले. पण कसं? नावाचा एक टॅग, त्याच्या खाली किमतीचा दुसरा टॅग, पुन्हा नाव, पुन्हा किंमत. दोघं सख्खे शेजारी, आई-मुलाचं नातं नाही. अशी फाइल विंडोजच्या एक्सएमएल नोटपॅडमध्ये टाकली तर ती उघडते. नियमाने शंभर टक्के बरोबर असते. पण झाडाऐवजी एकाखाली एक ओळीने मांडलेल्या वस्तू दिसतात. कुठली किंमत कोणाची हे आपण बोट ठेवून मोजायचं. ॲपलच्या स्वतःच्या प्रॉपर्टी लिस्ट एडिटरला ते कळायचं, कारण त्याला ते शिकवलेलं होतं. २०११ च्या एक्सकोड ४ मध्ये तो एडिटर एक्सकोडच्याच पोटात गेला. शिवाय २००२ पासून प्लिस्टचा बायनरी अवतारही आला आणि २००५ च्या टायगरपासून बहुतेक सेटिंग्ज त्यातच लिहिली जाऊ लागली. म्हणजे एक्सएमएल आहे म्हणजे सगळं खुलं आहे, असं नाही. अक्षरं वाचता येणं ही एक पायरी, रचना कळणं ही दुसरी, अर्थ कळणं ही तिसरी. सिस्टिम बदलताना कुठल्याही पायरीवर पाय घसरू शकतो.

२००६ मध्ये हा वाद चव्हाट्यावर आला. 'डाइव्ह इनटू पायथन'चे लेखक मार्क पिल्ग्रिम, वीसहून जास्त वर्षं ॲपलचे वापरकर्ते, त्यांनी मॅक सोडून उबुंटू घेतल्याचं जाहीर केलं. मुख्य तक्रार दिसण्याची नव्हती, वेगाचीही नव्हती. आपली माहिती अशा स्वरूपांत अडकत चालली आहे ज्यांचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, ही होती. ॲपलच्या मेल प्रोग्रामने टायगरमध्ये जुनं, सर्वांना माहीत असलेलं एमबॉक्स सोडून स्वतःचं नवं स्वरूप घेतलं होतं. वीस वर्षांनी माझी पत्रं मला वाचता येतील का, असा त्यांचा रोख होता. एक्सएमएलचे संपादक टिम ब्रे यांनीही त्यावर जाहीरपणे लिहिलं आणि चर्चा महिनाभर चालली.

लिनक्सवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करायची गरज नाही. ग्नोमने आधी जीकॉन्फ आणलं, सेटिंग्ज एक्सएमएलमध्ये. पुढे ग्नोम ३ च्या काळात, २०११ च्या सुमारास, त्याची जागा डीकॉन्फने घेतली, आणि त्याची फाइल बायनरी. वेगासाठी. म्हणजे विंडोजची रजिस्ट्री, मॅकचे बायनरी प्लिस्ट आणि ग्नोमचं डीकॉन्फ, तिघेही शेवटी एकाच वळणावर. मशीनला बायनरी सोयीचं आणि माणसाला टेक्स्ट. हे कोणाचं कारस्थान नाही, गरजच तशी आहे. फक्त अशा वेळी झाड टेक्स्टमध्ये उतरवून देणारी कमांड सोबत हवी. ॲपलची प्लूटिल ते करते, डीकॉन्फची डंप कमांडही करते.

लिनक्सवर आल्यावर मला खिडकीऐवजी अशाच कमांड जास्त भेटल्या. एक्सएमएल नीट लावून दाखवायला आणि तपासायला एक्सएमएललिंट. जेसनमधून हवी ती फांदी तोडून आणायला स्टीफन डोलन यांचं जेक्यू, २०१२ पासूनचं. आधी वाटलं हे म्हणजे श्रीखंड मागितलं आणि चक्का हातात दिला. पण महिन्याभरात सवय लागली. माझ्या कामात दहातल्या सात वेळा झाड बघायचं नसतंच, त्यातलं एक पान हवं असतं.

मधल्या काळात झाडाची जातही बदलली होती. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास जेसन पुढे आणलं, इतकं छोटं की सगळे नियम एका पानावर मावतात. त्यांनी त्यातून कॉमेंट लिहायची सोयही काढून टाकली, कारण लोक कॉमेंटमध्ये पार्सरसाठी खास सूचना लपवायला लागले होते. म्हणजे पुन्हा तेच: फायलीत एक आणि प्रोग्रामच्या मनात भलतंच. त्याच सुमाराला याम्ल आलं, माणसाला लिहायला सोपं म्हणून. त्याच्या १.१ आवृत्तीत इंग्रजी 'नो' हा शब्द आपोआप 'खोटं' या मूल्यात बदलायचा, आणि नॉर्वेचा देशसंकेत नेमका तोच! देशांच्या यादीतून एक देश गायब. २००९ च्या १.२ मध्ये नियम सुधारला, पण जुने पार्सर अजून भेटतात.

मग एडिटरचा प्रश्न सुटला कसा? २०१५ मध्ये व्हीएस कोड आलं, तिन्ही सिस्टिमवर चालणारं. पण खरी गोष्ट घडली २०१६ मध्ये. मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्या साथीने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. कल्पना अशी: भाषेचं ज्ञान एका वेगळ्या प्रोग्राममध्ये ठेवा आणि कुठल्याही एडिटरला ठरलेल्या पद्धतीने ते विचारू द्या. आज जेसन, याम्ल, एक्सएमएल तिन्हींचे असे सर्व्हर आहेत. स्कीमा वेगळा, ज्ञान वेगळं, खिडकी वेगळी. जेम्स क्लार्क यांच्या एनएक्सएमएलमधली युक्तीच म्हणा ना, सगळ्यांसाठी खुली झालेली. मी आता व्हीएस कोड वापरतो. उद्या दुसरं काही वापरेन, आणि मोठासा फरक पडणार नाही.

हे सगळं इंजिनिअर लोकांचं कौतुक झालं. बाकीच्यांना त्याचं काय? म्हणून एक घरचा किस्सा.

माझ्या मावशीच्या गावात एक जुनं वाचनालय आहे. साधारण सहा हजार पुस्तकं. नव्वदीच्या शेवटी कोणीतरी हौसेने सगळी यादी फॉक्सप्रोमध्ये चढवली होती. त्यात एक रकाना 'स्मरणार्थ'. कुठलं पुस्तक कोणाच्या आठवणीसाठी कोणी दिलं याची नोंद. जुनं दाखल रजिस्टर एका पावसाळ्यात भिजून गेलं, त्यामुळे ती नोंद आता फक्त त्या फायलीत, एका घरघरणाऱ्या कॉम्प्युटरवर. ग्रंथपाल काकांनी ती पेन ड्राइव्हवर टाकून माझ्या हातात ठेवली. "बघ रे, काही निघतं का यातून."

फॉक्सप्रोच्या शेवटच्या आवृत्तीचा आधारही मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये थांबवला होता. पण डीबीएफ हे स्वरूप डीबेसच्या काळापासूनचं आणि सगळीकडे लिहिलेलं: सुरुवातीला रकान्यांची नावं आणि रुंदी, मग एकामागून एक नोंदी. लिब्रे ऑफिसमध्ये फाइल पहिल्या फटक्यात उघडली. रकाने जागच्या जागी. इतकंच काय, खोडलेल्या नोंदीही फायलीत होत्या, कारण डीबीएफमध्ये नोंद खोडली की तिच्या आधी फक्त एक चांदणी पडते. जागेवरून ती हलत नाही.

रचना वाचली, पण अक्षरं नाही. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये होता, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले. फॉन्ट नसेल तर दिसतं नुसतं इंग्रजी अक्षरांचं आणि चिन्हांचं कडबोळं. आपल्याकडे आयएससीआयआय हे मानक १९९१ मध्येच झालं होतं आणि विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडही होतं. पण छपाईच्या दुकानांतून आलेले फॉन्ट हाताशी होते, आणि बऱ्याच ठिकाणी तेच चालत राहिले. 'हे अक्षर म्हणजे कि' हे ज्ञान फायलीत नव्हतंच, फॉन्टमध्ये होतं.

मग तक्ता बनवायला बसलो. दीडेकशे ओळींचा. काका जुने छापील कागद बघून वाचायचे, मी जुळवायचो. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. रफार नेमका उलटा: फॉन्टमध्ये अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. हे दोन नियम बसले आणि बाकीचं भराभर सुटत गेलं. 'स्मरणार्थ' या शब्दातच रफार आहे, त्यामुळे तपासायला सोपं गेलं! दोन रविवारांत सगळी नावं परत आली. काकांना त्यात त्यांच्या आईचं नाव सापडलं. एक जुनी कादंबरी, १९७२ सालची देणगी. ते काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसला.

म्हणून आता कोणी विचारलं की सिस्टिम बदलतोय, एडिटर कुठला घेऊ, तर मी तीन प्रश्न उलटे विचारतो. अक्षरं युनिकोडमध्ये आहेत का? रचनेचे नियम कुठेतरी लिहिलेले आहेत का? प्रत्येक रकान्याचा अर्थ फायलीबरोबर ठेवला आहे का? तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर एडिटर कुठलाही चालेल. एखादं 'नाही' असेल तर जुनं मशीन बंद करू नका, आधी तेवढं काम उरकून घ्या.

वाचनालयाची यादी आता युनिकोडमधल्या सीएसव्ही फाइलमध्ये आहे. शेजारी 'आधी हे वाचा' नावाची एक पानाची टेक्स्ट फाइल: कुठला रकाना कशाचा, तारखा कशा लिहिल्यात, रद्द झालेली पुस्तकं कशी ओळखायची. फक्त एक ताकीद काकांना दिली आहे. सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की ती स्प्रेडशीटमध्ये उघडते, आणि स्प्रेडशीट शहाणपणा करतं. दाखल क्रमांकाच्या पुढची शून्यं खातं, जिथे तारखेसारखं काही दिसेल तिथे तारीख करतं. ही सवय इतकी जुनी आहे की माणसाच्या काही जनुकांची नावं, ज्यांत 'मार्च' आणि 'सेप्ट' यायचं, ती नावं ठेवणाऱ्या समितीने २०२० मध्ये बदलून टाकली. प्रोग्रामसमोर शास्त्रज्ञांनी हात टेकले, मग आपली काय कथा!

तेव्हा काका, आधी तो रकाना टेक्स्ट करायचा, मगच सेव्ह.